मिटल्या डोळ्यांचा सूर

वडिलांना तलावावर बाबा म्हणायचं नाही, हा नियम वडिलांनीच केलेला. तिथे ते मास्तर. सगळी पोरं त्यांना मास्तर म्हणत, मग पोटच्या पोरीला वेगळा न्याय कशाला? पोरीचंही खरं नाव तलावावर कुणी घेत नसे. लहानपणी ती पाय फाकवून पाण्यात उड्या मारायची, म्हणून मास्तरांनी तिला बेडकी म्हटलं. पुढे बेडकी बघत राहावं असे सूर मारू लागली, तरी ते नाव काही सुटलं नाही.

मास्तरांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. सूर आधी डोक्यात मारायचा, मग पाण्यात. उडी मारायच्या उंच फळीच्या टोकाशी उभं राहून डोळे मिटायचे, अख्खा सूर मनात बघायचा आणि 'दिसलं' म्हणायचं. खाली बाकावर मास्तरही डोळे मिटून तोच सूर बघणार आणि त्यांना दिसला की हात वर करणार. दोघांना दिसल्याशिवाय उडी नाही. घरी हाच सराव स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चाले. समोर मास्तर स्टॉपवॉच घेऊन उभे. मनातल्या सुराला खऱ्या सुराइतकाच वेळ लागला पाहिजे. कमी लागला तर काहीतरी गाळलंस, जास्त लागला तर घाबरलीस, असा त्यांचा हिशोब.

"सूर मारून झाला असेल तर स्टूल द्या," आई म्हणायची. "मला वरचा डबा काढायचाय."

गेल्या हंगामात त्या तऱ्हेला तडा गेला. पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि फळीकडेच वळत खाली जायचं, असा तो अवघड सूर. बेडकी फळीच्या फार जवळून वळली आणि डोकं फळीवर आपटलं. टाके पडले, ते निघाले, केसही वाढले. पण तेव्हापासून डोळे मिटले की तिला फळी दिसायची, पाय सुटायचे, अंग वळायचं आणि थाड्! चित्र तिथेच तुटायचं. त्यापुढे नुसता काळोख.

हे सांगायचं कुणाला? आयुष्यभर ज्यांनी 'बघ, म्हणजे जमेल' एवढं एकच शिकवलं, त्यांना? मग पोरीने शक्कल लढवली. डोळे मिटून काहीच बघायचं नाही. जिभेने दातांवर ताल धरायचा, सुराइतका वेळ गेला की 'दिसलं' म्हणून मोकळं व्हायचं. स्टॉपवॉच बिचारं फसलं.

"तंतोतंत, बेडके!" मास्तर म्हणायचे. त्यांची शाबासकी तिला शिव्यांपेक्षा जास्त लागत होती.

हल्ली मास्तरांचे डोळे लालभडक असायचे. तलावातल्या औषधाने, असं बेडकीला वाटे. आईचं म्हणणं वेगळं.

"तोंड धुताना हा माणूस डोळे मिटतच नाही," ती एकदा म्हणाली. "साबण जातो, मग टॉवेल कुठाय म्हणून बोंबलतो. या वयात साबणाशी पैज!"

सगळे हसले. मास्तरही हसले, जरा उशिरा.

निवडीचा दिवस आला. संघात एकच जागा उरली होती आणि तोच सूर मारून दाखवायचा होता. बेडकी शिडी चढली, टोकाशी गेली, पाण्याकडे पाठ केली. टाचा हवेत, समोर लांबलचक फळी आणि तिच्यापलीकडे बाकावर मास्तर. तिने डोळे मिटले. थाड्! जीभ हलेना, तोंडाला कोरड पडलेली. आज दातांवर ताल धरता येईना. घाबरून तिने वेळेआधीच डोळे उघडले.

मास्तरांचे डोळे टक्क उघडे होते. मिटलेच नव्हते त्यांनी. आणि हात मात्र वर जात होता.

तिला साबण आठवला. म्हणजे मिटल्या डोळ्यांमागे त्यांनाही तेच दिसत होतं. इतके महिने दोघं एकमेकांना 'दिसलं' म्हणून फसवत होते आणि उडी मात्र एकटीने मारायची होती. तिला राग आला, खूप राग आला, आणि त्या रागाच्या तळाशी वडिलांची एवढी कीव आली की तिथे उभं राहवेना. ती वळली आणि शिडी उतरली. परीक्षकांनी शिट्टी फुंकली. बाद.

ती थेट बाकापाशी गेली.

"बाबा, मला नाही दिसलं. अपघातापासून एकदाही नाही."

तलावावर बाबा म्हटल्याबद्दल मास्तर रागावले नाहीत. हातातलं स्टॉपवॉच उलटसुलट करत राहिले.

"मलाही नाही," ते म्हणाले. "हात वर करताना... मी तुला मरायलाच पाठवत होतो गं."

बेडकी शेजारी बसली, ओल्या हाताने त्यांचा हात धरला.

"मिटा डोळे. मीपण मिटते."

त्यांनी मिटले. त्यांची बोटं एकदम आवळली, तेव्हा तिला कळलं की त्यांच्या चित्रातही तिचं डोकं फळीवर आपटलं.

"उघडू नका. मग काय झालं?"

"मग काही नाही. मग काळोख."

"मला शुद्ध नव्हती. तुम्हाला होती. सांगा, मग काय झालं?"

फळीवर दुसरी मुलगी चढली होती, तिच्या पावलांचा आवाज येत होता.

"मग मी उडी मारली," ते हळूच म्हणाले. "बुटांसकट. तुझे केस हाताला लागले. वर आणलं तुला. तू खोकलीस."

"खोकले ना?"

"माझ्या शर्टावर. रक्त आणि पाणी."

बेडकीने डोळे उघडले. मास्तरांचे मिटलेलेच होते आणि पापण्यांखालून पाणी वाहत होतं. मांडीवरच्या स्टॉपवॉचच्या काचेखाली त्या दिवशीचा ओलावा अजून धुक्यासारखा साचलेला होता. इतके महिने तो तिच्या समोर होता आणि घड्याळ पाण्यात कधी गेलं, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून बघू. खोकल्यापर्यंत."