वरच्या दांडीला टाळ्या

मी एक जुनी सागवानी दांडी आहे, मित्रांनो. दांडीला कसली आली जीवनकहाणी, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटतं, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले. शिवाय माझ्याजवळ सांगण्यासारखं जे आहे ते फारसं चांगलं नाही. बाकीच्या वस्तू आपल्या सेवेच्या गोष्टी सांगतात. मी मात्र सख्ख्या बहिणीचा मत्सर केला. ते नीट सांगता येईल की नाही, याचीही खात्री नाही, पण प्रयत्न करते.

माझा जन्म तीर्थपुरीतल्या इस्माईल मिस्त्रींच्या दुकानात झाला. एकाच ओंडक्यातून त्यांनी दोन दांड्या काढल्या. रंधा मारून, काचकागदाने घासून त्यांनी आम्हाला इतकं गुळगुळीत केलं, की आमच्यात फरक सांगता येत नसे. चार खांबांवर आम्ही दोघी शेजारी शेजारी चढलो आणि मुलांच्या शाळेचा डबल बार झालो. मुलं एक हात तिच्यावर ठेवत, एक माझ्यावर. सात वर्षं आम्ही एकाच उंचीवर होतो. त्या काळात मला तिचा कधी राग आल्याचं आठवत नाही.

१९७४ साली मुलांच्या शाळेत लोखंडी बार आला आणि आम्हाला बैलगाडीतून मुलींच्या शाळेत पाठवलं. तिथले संपत सर व्यायाम शिकवत. त्यांनी कुठूनसं एक चित्रांचं पुस्तक मिळवलं होतं. मुलींच्या स्पर्धेत डबल बार नसतो, तर एक दांडी उंच आणि एक ठेंगणी असा असमान बार असतो, हे त्यांना त्यात कळलं होतं. त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी नवे खांब उभे केले, आणि हाताला आधी जी दांडी लागली ती उचलून वर बसवली. उरली ती खाली बसवली.

उरलेली ती मी. मिस्त्री जरा डावीकडे उभे असते, तर आज ही कहाणी माझी बहीण सांगत असती.

सरांच्या वहीत स्पर्धेसाठी सक्तीच्या आठ कृती लिहिलेल्या होत्या. एखादी कृती पक्की झाली की मुलीच्या नावापुढे खूण व्हायची. सुरुवातीच्या कृती माझ्यावरच्या होत्या. उडी मारून माझ्यावर हात ताठ करून अंग तोलायचं. मग पोट माझ्याशी टेकवून एक पूर्ण गिरकी घ्यायची. या दोन गोष्टींना मुलींना सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत वरचीकडे कुणी पाहतही नव्हतं, आणि मी सुखात होते.

पुढची कृती म्हणजे माझ्यावर दोन्ही पाय रोवून उभं राहायचं आणि झेप घेऊन वरचीला धरायचं. पहिल्यांदा हे शिवकन्येला जमलं. सहावीतली मुलगी, बारीक अंगाची, कमी बोलणारी. ती वरचीला लोंबकळली तेव्हा व्यायामाच्या सगळ्या शेडमध्ये टाळ्या वाजल्या. तिने ज्या दांडीवर उभं राहून झेप घेतली होती, त्या दांडीवर तिच्या पावलांची माती तेवढी राहिली.

तेव्हापासून माझं मन बिघडलं, मित्रांनो. मुली फळ्याचे खडू कुटून हाताला लावत आणि वरचीला धरत. वरचीमुळे तळहातांना फोड येत. ते फोड त्या एकमेकींना दाखवत.

"मला तीन आले," एक म्हणायची.

"तीनच? माझे बघ, भाकर बी धरता येईना," बेबीनंदा म्हणायची. ही सगळ्यांत थोराड मुलगी. सर मुलींना हात लावत नसत. दोन पावलं दूर उभं राहून लाकडी पट्टीने दाखवत. त्यामुळे उडी मारणाऱ्या मुलीला सावरायचं काम बेबीनंदाचं होतं.

७६ साली सरांनी वर्तमानपत्रातला एक फोटो शेडच्या भिंतीला चिकटवला. परदेशातली कुणी लहान मुलगी असमान बारवर लोंबकळत होती. मुली तासन् तास तो फोटो बघत. मीही बघितला. वरची दांडी पूर्ण आली होती. खालची फोटोच्या कडेला कापली गेली होती.

एकच कृती अशी होती, जिच्यात मी वरचीपेक्षा मोठी होते. सर तिला वेढा म्हणत. वरचीला लोंबकळून मोठा झोका घ्यायचा. कंबर जिथे दुमडते, बरोबर तिथे माझ्यावर येऊन टेकायचं. त्याच जोरात वरचे हात सोडायचे आणि माझ्याभोवती गरकन फिरायचं. म्हणजे वेढ्यात मुलगी वरचीला सोडून माझ्याकडे येते. शिवकन्या तो वेढा ७५ साली शिकली होती. ती घडी घातलेल्या चादरीसारखी माझ्यावर यायची. मी वरचीला मनात म्हणायची, बघ, आली सोडून तुला.

पण पुढच्या वर्षी वेढा बिघडला. शिवकन्या माझ्यावर येताना थप्प असा आवाज होऊ लागला. फिरण्याआधीच ती अडायची. सर वैतागले.

"मागच्या वर्षी जमत होतं. आता काय झालं? लक्ष कुठे आहे तुझं?"

"इथंच हाय, सर."

"लागलं का?"

"न्हाई, सर."

हे रोज चालायचं. सर विचारायचे, ती नाही म्हणायची. मला मात्र ठाऊक होतं. माझा मार तिच्या कमरेच्या घडीवर बसत नव्हता, वर पोटावर बसत होता. तळहाताचे फोड दाखवता येतात. पोटावरचे वळ ती कुणाला दाखवणार होती?

आता लाजेची गोष्ट सांगते. मला वाईट वाटलं नाही. मला बरं वाटलं. वरचीची खूण चार दिवसांत बुजत होती, माझी राहत होती. एवढा हलका विचार एका दांडीच्या मनात यावा, याचं आज मलाच आश्चर्य वाटतं.

औरंगाबादच्या विभागीय स्पर्धेला तीन आठवडे होते. मुलींचे पोशाख रहिमाबी शिवत असत. मिस्त्रींच्या त्या पत्नी, आणि बायकांचे कपडे शिवण्यात गावात त्यांच्यासारखं कुणी नव्हतं. शिवकन्येचं माप घेताना पोलकं वर झालं आणि वळ दिसले. तिची आई साळूबाई तिथेच बसली होती. ती मुलीचा हात धरून तशीच शेडमध्ये आली. मागून गळ्यात टेप अडकवलेल्या रहिमाबी धापा टाकत आल्या.

"कोन्ती दांडी?" साळूबाईने विचारलं.

शिवकन्येने माझ्याकडे बोट केलं.

"सर, उद्यापासून हिचं बंद. पोरीच्या जातीला पोटावर मार? उद्या काही इपरीत झालं तर कोन निस्तरील? तुमी?"

सर पांढरेफटक पडले. "मला कुणी सांगितलंच नाही हो. मी रोज विचारत होतो."

"तुमाला कशी सांगंल ती? पोट उघडं करून?"

शिवकन्या रडू लागली. "आई, बंद नको ना. मी करते बराबर. माझंच चुकून राह्यलं."

तेव्हा रहिमाबी बोलल्या. "तुझं काय चुकतंय गं? सर, जरा तिकडं तोंड करा बघू."

सर दाराबाहेर जाऊन लिंबाच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले. रहिमाबींनी शिवकन्येला दोन्ही हात वर करायला लावले. "बराबर ताठ. पाय बी." मनगटापासून कमरेच्या घडीपर्यंत त्यांनी टेप लावला. मग कमरेला खोचलेली मापांची वही काढून मागच्या वर्षीचं पान उलटलं. हाताची लांबी, धडाची लांबी, बोटांवर बेरीज.

"साळूबाई, पोरगी चार बोटं वाढली सालभरात. मी पोलकं बदललं, तुमी परकर बदलला. ह्या दांड्या कुनी बदलल्या का?"

बेबीनंदा मोठ्याने हसली. "दांडीला कुटं परकर असतो, चाची!"

"तू गप. त्या दांडीपासून ह्या दांडीपर्यंत धर टेप." त्यांनी मोजलं. बरोबर चार बोटं कमी भरली.

सर झाडाकडे बघतच म्हणाले, "पण पुस्तकात हेच अंतर दिलंय."

"मंग किताबातली पोरगी आना आन् तिलाच लटकवा!"

यावर साळूबाईलाही हसू आलं, पण तिने ते लगेच आवरलं. ती म्हणाली, "ठीक हाय. दुरुस्त करा. औरंगाबादेहून आली की मी सोता पोट बघनार. एक वळ जरी दिसला, तर दांडी सुटली म्हनून समजा. मंग कुनी माझ्या दारात यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री गिरमिट घेऊन आले. मला वाटलं, माझी बहीण चार बोटं वर जाईल. पण तिचे खांब संपले होते. त्यांनी माझ्या खांबांना खाली नवी भोकं पाडली आणि मला आणखी चार बोटं खाली उतरवलं.

मित्रांनो, त्या दिवशी मी मनात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आधीच खालची, आता आणखी खाली. वरची जागची हलली नाही. मार चुकीचा बसत होता तो दोघींमधल्या अंतरामुळे, मग उतरायचं मीच का?

शिवकन्या आली. माझ्यावरून वर झेपावली. झोका घेतला. ती येताना मला दिसली आणि या वेळी मी तिच्या थप्प आवाजाची वाट पाहत होते, हे कबूल करते. आवाज झाला नाही. कमरेची घडी बरोबर माझ्यावर येऊन बसली, हात सुटले, आणि मला काही कळायच्या आत ती पूर्ण फिरून थांबलीसुद्धा.

"बेबे, लागलं न्हाई!" ती ओरडली. "जरा बी लागलं न्हाई!"

मी खाली गेले म्हणून तिला लागलं नाही. एवढी साधी गोष्ट. ती पचवायला मला बरेच दिवस लागले.

तीन आठवड्यांनी त्या सगळ्या औरंगाबादला गेल्या. दांड्यांना कुणी बरोबर नेत नाही. मी शेडमध्ये होते आणि आता माझा मत्सर वरचीला सोडून भलतीकडेच गेला होता. तिकडे कुठली तरी पॉलिश केलेली परकी खालची दांडी असेल. शिवकन्या माझ्यावर शिकली, आणि वेढा घालणार त्या दुसरीला. त्या दांडीने तिला मारलं, तर नाव माझंच खराब होणार. साळूबाईला दांडी दांडीतला फरक काय कळणार?

चौथ्या दिवशी बेबीनंदाने सगळी हकिकत धाकट्या मुलींना सांगितली. "रहिमाबी चाचीनं मापाची सुतळी दिल्ती ना? सरांनी ती खिशातून काढली आन् तिथल्या मानसाला म्हनले, ह्या मापानं दांड्या लावून द्या. तो हसला. म्हनला, गुरुजी, पायजमा शिवायचाय का? पन सर ऐकतेत का! तिथं उभेच राहिले. शेवटी त्यानं चाकी फिरवून अंतर वाढवलं."

शिवकन्येचा वेढा झाला. उतरताना मात्र तिचा तोल गेला आणि गुण कापले गेले. ती पाचवी आली. विभागाच्या संघात चौघींनाच घेतात.

मला वाटलं, आता संपलं. पण थोड्याच वेळाने साळूबाई स्वतः शेडमध्ये आली. सर उठून उभे राहिले. शिवकन्या आईच्या मागे खाली मान घालून उभी होती.

"बघितलं पोट," साळूबाई म्हणाली. "काही न्हाई."

सरांनी इतका मोठा श्वास सोडला की बेबीनंदाला हसू दाबायला तोंडाला ओढणी लावावी लागली.

"पाचवी आली म्हनत्यात. पुढच्या साली कितवी येती बघू. पन सर, दर दोन महिन्याला रहिमाबीकडनं माप घ्यायचं. आन् 'लागलं का' हे तुमी इचारू नका. मी इचारीन."

मग ती माझ्यापाशी आली. मी तिच्या छातीएवढी उंच होते. तिने माझ्यावर हात ठेवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत नेला. शेतात निंदणी करून खरखरीत झालेला हात होता तो. मधेच थांबून तिने बोटाने चाचपलं.

"इथं कूस निघाली लाकडाची. पोरीच्या पोटात जायची. मिस्त्रीला सांगा घासायला."

"परवाच तपासल्या होत्या दोन्ही," सर म्हणाले.

"वरची तपासली असंल. ती दिसती."

मित्रांनो, टाळ्या मला पुढेही मिळाल्या नाहीत. शिवकन्या आणखी दोन वर्षं आली, तिच्यानंतर इतर मुली आल्या, आणि प्रत्येकीच्या मापाने मी वरखाली होत राहिले. माझे खांब भोकांनी भरून गेले. मग लोखंडी संच आला. माझी बहीण स्नेहसंमेलनाच्या पडद्याला गेली, तिथेही लोक तिच्याकडे बघून टाळ्या वाजवतात. मी बालवाडीच्या खोलीत जमिनीवर असते. मुलांनी माझ्यापलीकडे जायचं नाही, एवढंच माझं काम. मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. खोटं बोलण्याचं माझं वय राहिलं नाही.

पण तुमच्या शाळेत असा बार असेल, तर एक करा. खेळायच्या आधी खालच्या दांडीवरून तळहात फिरवा. खेळणारी मुलगी दर वर्षी वाढते, तेवढं अंतर मोजा. आणि कुणी रोज 'नाही, सर' म्हणत असेल, तर तिला विचारायला दुसरं माणूस पाठवा, ज्याला ती खरं सांगू शकेल.

आणि हो, हात वरपर्यंत पोचत असेल, तर वरचीवरूनही फिरवा. तिलाही कूस निघते. आम्ही दोघी एकाच ओंडक्याच्या आहोत, मला माहीत आहे.