टिंगीच्या मापाची सायकल

टिंगीने नवाकोरा हँडलबार करवतीने दोन्ही टोकांना कापायला घेतला, तेव्हा तिचा नवरा दारातच थबकला. घरात आलेली नवी वस्तू पहिल्याच दिवशी कापायची, हे काही त्याच्या पचनी पडेना. ती मात्र दात आवळून करवत ओढत होती. त्या नळीच्या जागी तिला थोरल्या भावाची मान दिसत होती असं म्हटलं, तर ते फारसं खोटं ठरलं नसतं.

टिंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. उंची बेताची, बोटं आखूड, म्हणून दादाने लहानपणी ते चिकटवलं आणि घरादाराने उचलून धरलं. दादा धिप्पाड. डोंगरात चालवायच्या सायकलींचं त्याचं दुकान होतं, दुकानाचा संघ होता, आणि संघात कोणी कशावर बसायचं हे तोच ठरवायचा. त्याला स्वतःला जशी आवडते तशीच सायकल तो सगळ्यांना बांधून द्यायचा: हँडलबार रुंद, हादरे झेलणारा पुढचा शॉक हवा भरभरून कडक केलेला, ब्रेकची दांडी मुठीपासून लांब. कोणी कुरकुर केली की म्हणायचा, "सायकल माणसाला नाही जुळवायची. माणसाने सायकलला जुळवून घ्यायचं."

दोन वर्षांपूर्वी टिंगी त्याच्या संघातून स्पर्धेत उतरली होती. ब्रेकपर्यंत बोट पुरत नाही हे तिने त्याला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, ताण जरा. खडकाच्या वळणावर ब्रेक दाबायला तिला मूठच सोडावी लागली, पुढचं चाक दगडावर आपटलं आणि ती चाकावरून पुढे फेकली गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं, पुढचे दोन दात गेले.

हाड जुळलं, दात बसवून घेतले. पण दवाखान्यात भेटायला आलेल्यांसमोर दादा हसत हसत जे बोलला, ते काही भरून आलं नाही. "काही नाही हो, हात घाबरले हिचे." पुढे ते वाक्य दुकानात गिऱ्हाइकांना ऐकवायचा किस्सा झालं. लग्नाकार्यात लांबचे नातेवाईकही तिच्या हाताकडे बघून गालात हसू लागले. आणि संघातली तिची जागा दादाने परस्पर वहिनीला देऊन टाकली.

टिंगी भांडली नाही. तिने ठरवलं, त्याच उतारावर, त्याच माणसांच्या देखत याला मागे टाकायचं.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. समोरच्याच्या डोळ्यांवर एकेक काच चढवायची आणि विचारायचं, ही बरी की मघाची? त्याला जी बरी वाटेल ती बरी, तिथे आपली अक्कल चालवायची नाही. हीच रीत तिने सायकलला लावली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि शहराबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीचा तोच तो उतार उतरून बघायचा. टायरमध्ये हवा किती ठेवायची हे ठरवताना तिने नवऱ्याला कामाला लावलं. त्याने तिच्या पाठीमागे हवा कमीजास्त करायची, आणि किती केली ते सांगायचं नाही. पहिल्या दिवशी तो बिचारा उताराखाली उभा राहून विचारत होता, "चांगलं झालं म्हणू की वाईट, ते आधी सांग." ती म्हणाली, तू काहीच म्हणू नकोस.

तीन हँडलबार झाले. सीट चार वेळा बदलली. पेडलं खिळ्यांची घेतली, त्यांनी नडगी सोलून काढली, तरी पाय घसरत नाही म्हणून तीच ठेवली. शॉकमधली हवा तिने आपल्या वजनाला बेतून उतरवली. लोक ज्याला वाखाणतात तो रुंद टायर तिला चिखलात रुतलेल्या म्हशीसारखा वाटला, तो परत केला. आणि ब्रेकची दांडी इतकी जवळ ओढली की एका बोटाने, मूठ न सोडता, चाक जागच्या जागी थांबावं. तो ब्रेक पहिल्यांदा मनासारखा लागला तेव्हा ती खाणीत एकटीच मोठ्याने हसली. आनंद होताच, पण त्याहून जास्त संताप होता. इतकं सोपं होतं तर!

त्याच डोंगरावरच्या स्पर्धेत तिने या वेळी एकटीनेच नाव दिलं. त्या दिवशी सकाळी सरावाची वेळ होती. डोंगरमाथ्यावर वहिनी झाडाला सायकल टेकवून बसली होती आणि एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं चोळत होती. टिंगीला एका नजरेत सगळं कळलं. तोच रुंद हँडलबार, तोच कडक शॉक, तीच लांबची दांडी. वहिनी तिच्याहून जरा उंच, एवढाच काय तो फरक. आज ही खडकाच्या वळणावर पडणार.

खरं सांगायचं तर टिंगीला बरं वाटलं. पडू दे. माझी जागा घेतलीस ना, आता माझं हाडही घे. ती पाठ फिरवून चार पावलं गेलीसुद्धा. मग तिच्या मनात आलं, ही पडली की दादा काय म्हणेल? हिचेही हात घाबरले म्हणेल, लोक हसतील, आणि हा पुन्हा नामानिराळा. ते तिला सोसवेना. वहिनीची दया आली असं नाही. दादा सुटतो याचीच तिला चीड आली.

ती परत फिरली आणि खिशातून स्क्रू फिरवायची ॲलन की काढली. वहिनी घाबरून म्हणाली, "तुझा दादा हात लावू देत नाही."

"तू नको लावूस. मी लावते."

तिने दांडी जवळ घेतली, शॉकमधली हवा उतरवली, आणि वहिनीला झाडापासून पायवाटेपर्यंत जाऊन यायला लावलं. आता बरं की मघाशी बरं? पुन्हा थोडा स्क्रू, पुन्हा फेरी. वहिनी तिसऱ्या फेरीहून आली. बोटं उघडझाप करून बघत होती. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझ्यातच काही कमी आहे."

दुपारी एकेक जण उतरू लागला. दादा नेहमीसारखा दणदणीत उतरला. त्याच्यामागून टिंगी. खाली वेळ जाहीर झाली तेव्हा ती त्याच्या केसभर मागे होती. खडकाच्या वळणावर तिचं बोट गरजेपेक्षा जास्त वेळ ब्रेकवर राहिलं होतं. सायकल तिच्या मापाची होती, पण अंग ती जागा विसरलं नव्हतं. दादाने तिच्या पाठीवर थाप मारली. ती थाप तिला चपराकीसारखी लागली.

मग वहिनी आली. वळणावर ती थांबली नाही, अडखळली नाही, पाणी वाहत यावं तशी आली, आणि वेळेत दादाच्या पुढे गेली. भोवती टाळ्या झाल्या. क्षणभर दादाचा चेहरा पडला. पण तो सावरला, बायकोची सायकल धरून सगळ्यांना म्हणाला, "बघितलंत? आपल्या हातची बांधणी आहे."

टिंगी पुढे झाली. "बस बघू तिच्यावर. ब्रेक दाब."

इतक्या लोकांत नाही म्हणता येईना. तो बसला, आणि सायकल पुढून त्याच्या वजनाखाली खचली. ब्रेक दाबला तर दांडी त्याच्याच बोटांवर येऊन आपटली. कोणीतरी खुदकन हसलं. दादाने खाली वाकून स्क्रूकडे पाहिलं, मग बायकोकडे. वहिनीने नजर चुकवली नाही. "सकाळी टिंगीने बसवून दिलं," ती म्हणाली. "तुमच्या बांधणीवर मी आज पडले असते."

"आता सांग," टिंगी म्हणाली, "मी का पडले होते?"

तो काहीतरी पुटपुटला.

"सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"ब्रेक लांब होता," दादा म्हणाला. "तिने सांगितलं होतं मला."

त्याचे कान लाल झाले होते. टिंगीने ते डोळे भरून पाहिले. तिला थांबायचं नव्हतं. दात कोणाचे गेले तेही त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. पण गर्दीतून पुढे आलेल्या नवऱ्याने तिचा दंड धरला, आणि ती थांबली.

त्यानंतर दादाने तिच्या घरी पाऊल टाकलं नाही. सख्ख्या भावाचा चारचौघांत पाणउतारा केला म्हणून आईने तिला फोनवर फैलावर घेतलं, आणि त्याची माफी मागायला सांगितली. टिंगीने सरळ नाही म्हटलं. दुकानात आता गिऱ्हाइकाला सायकलवर बसवून, बोटं कुठवर पुरतात ते वहिनी बघते. दादा तेवढा वेळ मागच्या खोलीत जाऊन बसतो.

टिंगीला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. एकच गोष्ट तिला सलत राहिली, ते केसभर अंतर. ती पुन्हा त्या डोंगरावर जाऊ लागली. खडकाचं वळण तेवढं उतरायचं, सायकल खांद्यावर टाकून वर चढायचं, आणि पुन्हा उतरायचं. आता स्क्रूला हात लावायचं काही कारण उरलं नव्हतं. बोट ब्रेकवरून कधी उचलायचं, एवढंच शिकायचं बाकी होतं.