टपालाच्या तिकिटाएवढा घाट

“मामू, यात ट्रक कुठे आहे सांगा.”

तसनीमने संगणकाचा पडदा मुजम्मिलकडे वळवला. पडद्याच्या मधोमध टपालाच्या तिकिटाएवढा एक चौकोन होता. हिरवट, तपकिरी, कडेने लालसर. शेवाळलेल्या भिंतीचा पोपडा निघावा तसा.

मुजम्मिल पुढे वाकला, मग मागे सरला. “हाय की. हा काय, मधी.”

“तो दरीतला दगड आहे.”

“मंग दगडाच्या बाजूला.”

तसनीम हसली नाही. एरवी हसली असती.

महाडला नाते गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गॅरेजला लागून मुजम्मिलची पत्र्याची शेड होती आणि गॅरेजच्या माडीवर तसनीमचं घर. ट्रकचे फाळके रंगवण्यात त्याचे केस पिकले होते. फाळका म्हणजे ट्रकच्या पाठीमागची उघडझाप होणारी फळी, आणि मुजम्मिलचा नियम असा की त्यावर तळहाताएवढी जागा जरी रिकामी राहिली तरी ते काम अर्धवट. मोर, कमळ, निंबू-मिरची, वेलबुट्टीची बॉर्डर आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक लाल अक्षरांत ‘मुजम्मिल पेंटर, महाड’ आणि मोबाईल नंबर. घाटात मागून येणारा ड्रायव्हर ते वाचायचा आणि नवीन काम यायचं. हल्ली ड्रायव्हर गाडीचा नंबर रेडियमच्या चकाकत्या स्टिकरमध्ये कापून घेत आणि दुकानदार फ्लेक्स लावत.

तसनीम त्याच्या बहिणीची, महरुन्निसाची मुलगी. फिजिक्समध्ये बी.एस्सी. झाली होती, सकाळी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि उरलेल्या वेळात तिने एकटीने एक व्हिडिओ गेम तयार केला होता. धुक्यात, आंबेनळी घाटातून, स्ट्रॉबेरीने भरलेला ट्रक पोलादपूरला उतरवायचा, एवढाच खेळ. पण उतार किती, वजन किती आणि ब्रेक तापणार किती, हे सगळं तिने गणिताने बसवलं होतं. त्यासाठी टेम्पोत बसून ती घाट कितीदा उतरली, याचा हिशेब घरात कुणाला नव्हता.

असे एकट्यादुकट्याने केलेले खेळ विकणारं परदेशातलं एक दुकान इंटरनेटवर होतं. तिथे खेळांची छोटी छोटी चित्रं ओळीने मांडलेली असत. गिऱ्हाईकाची नजर एखाद्या चित्रावर थबकली तर तो आत जाणार, नाहीतर पुढे. तसनीमला चित्र हवं आहे कळल्यावर मुजम्मिल स्वतःहून म्हणाला होता, “ट्रकचं चित्र म्हाडात दुसरा कोण काढणार गो?”

त्याने पत्र्यावर अख्खी आंबेनळी काढली. सगळी वळणं, प्रतापगड, ट्रक, त्यात स्ट्रॉबेरीच्या पेट्या, दोन्ही बाजूंना मोर, खाली नाव आणि नंबर. गॅरेजमधली माणसं हातातलं काम सोडून बघायला आली होती. तसनीमने त्याचा फोटो काढून पाठवला आणि काल दुकानाचं उत्तर आलं. लहान आकारात चित्रात काय आहे ते कळत नाही. चित्रावर फोन नंबर चालत नाही. आज संध्याकाळपर्यंत नवं चित्र आलं नाही, तर खेळ या खेपेला दुकानात लागणार नाही.

पुढची खेप दिवाळीनंतर होती. तिच्या अब्बांनी, महमूदभाईंनी, कुवेतहून फोनवर सांगून ठेवलं होतं की या वेळी झालं तर झालं, नाहीतर खेळ बंद आणि बी.एड.

“नंबर तुला दिसला नाय काय आधी?” मुजम्मिलने विचारलं.

“दिसला होता.”

“मंग?”

“काढा म्हणायला जीभ रेटली नाही.”

मुजम्मिलने पत्रा बाजूला सारला. त्याने पुठ्ठा आणि पाण्याचे रंग घेतले, कारण ऑइल पेंट आज सुकला नसता. चारला लाईट जाणार होती. तसनीम घड्याळ बघत नव्हती, पण तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता आणि त्या हादऱ्याने पाण्याच्या डब्यात ब्रश किणकिणत होते.

त्याने ट्रक मोठा केला. मोर काढले नाहीत, ते त्याला फार जड गेलं. प्रतापगडही सोडला. पण पुठ्ठ्याच्या कडेला हात आपोआप बॉर्डरकडे वळला आणि बारीक वेल काढताना एका रेषेच्या दोन दिसू लागल्या. त्याने डोळा चोळला.

ही भानगड गेल्या रमजानपासूनची. उजव्या डोळ्यापुढे तेलकट काच धरल्यासारखं व्हायचं, आता डाव्यालाही होत होतं. श्रीपतच्या टेम्पोवर नंबर टाकताना त्याने आठाचा तीन केला होता. श्रीपत ओरडला तेव्हा ‘रंग ओघळला रे’ म्हणून वेळ मारून नेली. पेंटरला दिसत नाही ही बातमी गॅरेजला कळली की संध्याकाळच्या आत पोलादपूरला पोचते. म्हणून त्याने घरीही तोंड उघडलं नव्हतं.

तसनीमने पुठ्ठ्याचा फोटो काढला, संगणकावर घेतला, लहान केला. पुन्हा चिखल.

“मामू, अजून कमी करा.”

“आणि काय कमी करू? ट्रकच काढून टाकू?” मुजम्मिलचा आवाज चढला. “लोक बोलतील पेंटरनं पुठ्ठा कोराच दिला!”

“लोक बघणारच नाहीत, मामू. तेच तर सांगत्ये.” तिने तोंड फिरवलं आणि उगाच खेळ सुरू केला.

मुजम्मिलने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागला. पुसता पुसता त्याची नजर पडद्याकडे गेली. पडद्यावर धुकं होतं. त्यात दोन पिवळे डाग हळूहळू मोठे होत होते आणि त्यांच्या बाजूने काहीतरी पांढरं वाकत गेलं होतं. तो एकदम अंग चोरून मागे सरकला. घाटात वळणावर समोरून गाडी आली की माणूस सरकतो तसा.

“ते पिवळं काय हाय गो?”

“दिवे. समोरून ट्रक येतोय. का?”

“नि ह्ये पांढरं?”

“कठड्याचे दगड. चष्मा लावा की.”

“नको. थांब. ते तसंच ठेव.”

चष्मा त्याने टेबलावरच ठेवला. नवा पुठ्ठा घेतला आणि सगळ्यात रुंद ब्रशने तो काळसर निळा करून टाकला. कठड्याचं एक पांढरं वळण मारलं. त्याच्या टोकाशी दोन पिवळे दिवे. बस्स. उरलेला पुठ्ठा मोकळाच राहिला आणि त्या मोकळ्या जागेकडे बघवेना म्हणून त्याने मान वळवली.

मग सवयीने हात बारीक ब्रशकडे गेला. ब्रश लाल रंगात बुडाला आणि उजव्या कोपऱ्यावर येऊन थांबला. तसनीम खिडकीबाहेर बघत होती. मुजम्मिलने ब्रश फडक्याला पुसला, पुन्हा पुसला, केस कोरडे होईपर्यंत.

तिने फोटो लहान केला. तिकिटाएवढ्या चौकोनात घाट होता, अंधार होता आणि समोरून गाडी येत होती. तिने वर खेळाचं नाव बसवलं, मागे सरून बघितलं आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं.

“मामू, चष्मा काढला की तुम्हाला एवढंच दिसतं?”

“लावून पण.”

“केव्हापासून?”

“तू आधी ते धाड. लाईट जाईल.”

तिने चित्र पाठवलं. ते गेल्याची खूण पडद्यावर आली. मग ती म्हणाली, “ऑपरेशन होतं याचं.”

“म्हायत हाय. भ्या वाटतं, दुसरं काय.”

चित्र मंजूर झालं. ज्या दिवशी खेळ दुकानात लागला त्या दिवशी तसनीमने त्याला शेडमधून बोलावून आणलं. पडद्यावर चित्रांच्या ओळीच ओळी होत्या. तलवारी, राक्षस, विमानं, आणि कुठेतरी त्यांत त्याचं.

“दाखवते मी.”

“गप बस. मी शोधतो.”

त्याने चष्मा काढून खिशात टाकला. रंगाने खरबरीत झालेलं बोट ओळींवरून सावकाश सरकत गेलं.

तेवढ्यात खालून, गॅरेजमधून, ट्रकवाल्या दत्तारामची हाक आली. “ओ पेंटर! फाळक्यावर नंबर टाकून दे रे, पासिंगला जायचंय!”

मुजम्मिलचं बोट एका चौकोनावर थांबलं. दोन पिवळे ठिपके. “हा,” तो म्हणाला. तसनीमने मान हलवली.

बोट तिथेच ठेवून त्याने खिडकीकडे तोंड केलं.

“रेडियमवाल्याकडं जा, दत्ताराम. बारीक अक्षर आता मला दिसत नाय.” गॅरेजमधली ठोकाठोक थांबली. “मोठं काय असलं तर आण.”