फोल्कमारचं पडणं

एगॉन आणि फोल्कमार एके काळी जर्मनीच्या व्यावसायिक टेबल टेनिस लीगमधले हाडवैरी. पन्नाशी उलटल्यावर मात्र दोघं जोडीनं गावोगावी गमतीचे सामने खेळायचे आणि लोकांना पोट धरून हसवायचे. एगॉन स्मॅश मारायचा, फोल्कमार छताला भिडतील असे उंच चेंडू परत करायचा. मागे सरकत सरकत तो खेळाच्या जागेभोवतीच्या बुटक्या फळ्या ओलांडून थेट प्रेक्षकांत जायचा, कुणाच्या तरी बिअरचा घोट घ्यायचा आणि खुर्चीत बसूनच चेंडू टेबलावर धाडायचा. शेवटी दमल्याचं सोंग करून उताणा पडायचा. मग एगॉन नेम धरून त्याच्या अंगावर चेंडू मारायचा, की हा ताडकन उभा! अकरा वर्षं हेच चाललं होतं.

त्या रविवारी मोझेल नदीकाठच्या एका गावात हॉल खच्चून भरला होता. कपडे बदलताना फोल्कमार डावा खांदा चोळत होता.

"काय रे, म्हातारा झालास?" एगॉननं डिवचलं.

"तुझ्याआधी नाही होणार, गाढवा."

खेळ रंगला. स्मॅशमागून स्मॅश, आणि दर चेंडूला प्रेक्षकांची आरोळी. फोल्कमार फळीपाशी पोचला आणि फळी न ओलांडताच कोसळला.

एगॉन वैतागला. ठरलेलं सोडून हा भलतंच काय करतोय? पण त्यानं वेळ मारून नेली. "अरे, एवढ्यात? अजून बिअर प्यायची राहिलीय की!"

हॉल हसला. एगॉननं चेंडू मारला, तो बरोब्बर छातीवर बसला. फोल्कमार उठला नाही.

"आणखी एक! आणखी एक!" लोकांनी ठेका धरला. एगॉननं दुसरा मारला. तो गालावर आपटला. फोल्कमारचे डोळे अर्धवट उघडे होते, पण पापणीसुद्धा हलली नाही.

तिसऱ्या रांगेतली एक बाई फळी लोटून धावली. "थांबा! हे नाटक नाहीये!" ती गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबू लागली, आणि लोकांना वाटलं, ही पण यांच्यातलीच. तिच्या हातांच्या ठेक्यावर अख्खा हॉल टाळ्या वाजवू लागला.

एगॉनला मात्र आता कळलं. त्यानं बॅट फेकली, धावत जाऊन भिंतीवरचं हृदयाला झटका देणारं यंत्र उपटून आणलं. ते पाहिलं तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

दुसऱ्या झटक्याला हृदय सुरू झालं.

नऊ दिवसांनी हॉस्पिटलात एगॉन पलंगाशेजारी बसला. तो म्हणाला, "मी तुला चेंडू मारले. तू मरत होतास, आणि मी..."

"पहिला लागला मला," फोल्कमार म्हणाला. "दुसरा नाही आठवत."

फोल्कमारनं पाण्याकडे बोट दाखवलं. एगॉननं पेला भरला, त्याच्या मानेखाली हात घातला आणि पेला त्याच्या ओठांना लावला.