आवाजाचा रकाना

दुकानदाराने मागे वायर खोचली आणि कळ दाबली. जमिनीवर आडवा ठेवलेला सर्व्हर आधी गुरगुरला, मग त्याचे सहाही पंखे एकदम सुटले आणि पत्र्याच्या त्या गोदामात दुसरं काही ऐकू येईनासं झालं. ती शेजारी उकिडवी बसून घड्याळाकडे बघत होती. दुकानदार हाताने थांबा, थांबा अशी खूण करत राहिला. दीड मिनिटाने पंखे नरमले, पण जरा म्हणजे जराच.

"सुरुवातीला असाच अंगावर येतो," तो ओरडून म्हणाला. "मग माणसात येतो."

तिने गुडघ्यावरच्या वहीत लिहिलं, माणसात येत नाही.

बंद पडलेल्या कार्यालयांतली यंत्रं उचलून, पुसून, दुरुस्त करून विकणं हा त्याचा धंदा. स्वतःला तो भंगारइंजिनिअर म्हणवून घ्यायचा. एरवी गिऱ्हाईक यायचं ते मशीन किती वेगाने पळतं हे विचारायचं. या बाईंनी आल्या आल्या विचारलं होतं, की मेमरीच्या खाचा किती आणि एका डब्याच्या पोटात पाच यंत्रं एकाच वेळी नांदतील का. तेव्हापासून तो तिला खुर्ची द्यायला लागला होता. ती मात्र दर वेळी जमिनीवरच बसायची.

ती एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर एकवीस वर्षं होती. आतल्या कुठल्याही फोनवरून नऊ दाबलं की ती भेटायची, म्हणून सगळं रुग्णालय तिला नऊ नंबर म्हणायचं. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला तरी कोण बोलणार आहे, ते तिला कळे. कुठला सर्जन चिडलेला आहे, कुठली नर्स रडून आली आहे, हे ती कनेक्शन जोडायच्या आतच ओळखायची. आता ते जुनं एक्स्चेंज निघणार होतं. यापुढे फोन संगणकाच्या जाळ्यातूनच चालणार होते. प्रशासनाने सरळ सांगितलं होतं, व्हॉइस नेटवर्किंगची परीक्षा देऊन जो प्रमाणपत्र आणेल तो नव्या विभागात. बाकीच्यांची सोय तळघरातल्या जुन्या नोंदींमध्ये. तिथे दिवसभर कुणी कुणाशी बोलत नाही, हे तिला माहीत होतं.

परीक्षा नुसत्या पाठांतराची नव्हती. फोनची अख्खी व्यवस्था उभी करून, मोडून, पुन्हा उभी करून दाखवायची होती. शिकवणीच्या संस्थेतली प्रयोगशाळा नेमकी तिच्या ड्यूटीच्या वेळात उघडी असायची. म्हणून मग तिने ती घरीच मांडायचं ठरवलं. एक सर्व्हर, त्याच्या पोटात पाच आभासी यंत्रं: एक कॉल जोडणारं, एक त्याच्या जागी ऐनवेळी उभं राहणारं, एक निरोप साठवणारं, आणि अशीच आणखी दोन. बाहेर टेबलावर दोन फोन.

प्रश्न एवढाच होता की सर्व्हर कुठला. हा आडवा, रॅकमध्ये बसणारा, पाचही यंत्रं हसत हसत पेलणारा होता, पण त्याच्याशेजारी माणसाने बोलायची सोय नव्हती. कोपऱ्यातला उभा टॉवर गरीब गाईसारखा शांत होता. पण त्याच्यात मेमरी एका मर्यादेपलीकडे बसत नव्हती. तीन यंत्रं नीट चालली असती, चौथं सुरू केलं की सगळ्यांनाच धाप लागली असती.

"तुम्ही हाच घ्या," दुकानदार पंखे बंद करत म्हणाला. "आवाजाचं काय, दार लावून घ्यायचं."

दार लावून घेण्यातच अडचण होती. घरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये माणसाला आडवं होऊनच जावं लागायचं. स्वयंपाकघरात वाफ. राहता राहिला सासूबाईंच्या खोलीतला खिडकीखालचा कोनाडा. वारा तिथेच आणि जड यंत्राला चालेल असा प्लगही तिथेच. कोनाड्यापासून सासूबाईंची उशी हातभर अंतरावर.

नवरा दूरच्या बांधकामावर, महिन्यातून चार दिवस घरी. एरवी घरात या दोघीच. भांडण कधी झालं नाही, पण बोलणंही होत नसे. सासूबाई एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या; तिथे त्यांना माघारी अनुस्वारबाई म्हणायचे. आधी त्या बऱ्या बोलायच्या. मग हळूहळू बोलणं आटत गेलं. दोन वर्षांपूर्वी ती सुपरवायझर झाली त्या दिवशी तिने चपला काढता काढता दारातूनच आनंदाने सांगितलं होतं. सासूबाई पाठमोऱ्या वाचत बसल्या होत्या. त्यांनी पान उलटलं आणि वाचत राहिल्या. ती थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली. कामावरून तिने फोन केला तर त्या उचलायच्या नाहीत. फोनवर बोलणं मला जमत नाही, एवढंच एकदा म्हणाल्या होत्या. ज्या बाईचं पोट फोनवर आहे तिला हे लागायचं ते लागलंच. त्यानंतर तिने घरी काही सांगणंच सोडून दिलं.

तेव्हा कोनाड्याचं विचारायचं कसं, हा प्रश्न होता. तिने विचारलंच नाही. वहीत दोन रकाने आखले, रॅक आणि टॉवर, आणि खाली एकेक मुद्दा लिहीत गेली. मेमरी, वीज, जागा, परिक्षेला उरलेले आठवडे. आवाजापुढे रॅकच्या रकान्यात लिहिलं, फार; आईंना झोप लागणार नाही. मग टॉवरभोवती गोल केला आणि वही जेवणाच्या टेबलावर विसरून ड्यूटीला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली तर 'परिक्षेला'वर बारीक पेन्सिलीची खूण होती. ऱ्हस्व वेलांटी खोडून दीर्घ केली होती. आणि आवाजाच्या रकान्यात, तिच्या वाक्याखाली, छापल्यासारख्या अक्षरात तीन शब्द वाढले होते: लागेल. त्यापुढे, मोठं घे.

ती बराच वेळ ते बघत राहिली. सासूबाई समोर चहा गाळत होत्या.

"आई, तो फार ओरडतो," ती म्हणाली. "आधी ऐकून तरी घ्या."

सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे बघून घेतलं आणि म्हणाल्या, ठीक आहे, येते मी दुकानात. एवढ्या सहज हो म्हणतील असं तिला वाटलं नव्हतं. उपकार करून ठेवायचे आहेत की काय, असंही मनात येऊन गेलं.

शनिवारी दोघी गोदामात गेल्या. दुकानदाराने सासूबाईंसाठीही खुर्ची पुसली, पण त्या बसल्या नाहीत. भिंतीशी लावलेल्या फळीवर जुने फोन ओळीने मांडले होते, त्यांच्या तबकड्या बघत, एक रिसीव्हर हातात घेऊन त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. दुकानदाराचं मांजर जवळच्या खोक्यावर पाय पोटाशी घेऊन झोपलं होतं.

"लावू का, ताई?" दुकानदाराने विचारलं आणि कळ दाबली.

पंखे सुटले. माहीत असूनही तिने खांदे आक्रसले. दुकानदाराने डोळे मिटून घेतले. सासूबाई तशाच उभ्या होत्या. त्यांची मान हलली नाही, पाठ ताठली नाही. हातातला रिसीव्हर त्यांनी उलटा करून त्याच्या तळाशी काय लिहिलं आहे ते वाचलं. मांजर दचकून खोक्यावरून उडी मारून त्यांच्या पायांमधून पळालं, तेव्हा त्यांनी आधी मांजराकडे पाहिलं, मग वळून मशीनच्या चमचमणाऱ्या हिरव्या दिव्यांकडे.

"हं," त्या समजूतदारपणे म्हणाल्या. "होतो थोडा आवाज. इतकं काही नाही."

दुकानदार तिच्याकडे बघायला लागला. तिने त्याला नजरेनेच गप्प राहा म्हटलं आणि मशीन बंद करायची खूण केली.

गोदाम शांत झालं. तिच्या कानात मात्र काहीतरी वाजतच होतं. ते उलटलेलं पान, न उचललेले फोन, दारावरची बेल, जी वाजली की नेहमी तिनेच उठायचं, आणि तो टीव्ही, ज्याचा आवाज सासूबाई कधी वाढवत नसत आणि खालच्या पट्टीवर सरकणारी अक्षरं तेवढी वाचत बसत. एकवीस वर्षं कानांवर पोट भरलेली बाई एका छपराखाली राहून हे ऐकू शकली नव्हती. ती उठली, खोक्याला वळसा घालून सासूबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली.

"कधीपासून, आई?"

"काय कधीपासून?"

 सासूबाईंनी हातातला रिसीव्हर जागेवर ठेवला, थोडा सरळ केला.

"डावा जाऊन तीन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "उजव्यात आहे थोडं. समोर बसून बोललं की भागतं माझं."

"यांना माहीत आहे?"

"त्याला कशाला? तो लगेच रोज फोन करून चौकशी करत बसेल."

तिला हसू आलं आणि लगेच ते गेलं. मला वाटायचं, असं म्हणून ती थांबली. काय वाटायचं, असं सासूबाईंनी विचारलं, तर तिने मान हलवली.  मग सासूबाईच म्हणाल्या,

"निदान तुझ्या कामी तरी येऊ दे हे. मोठंच घे तू. मला काही फरक पडत नाही."

दुकानदाराने एव्हाना रॅकच्या सर्व्हरभोवती जाड कागद गुंडाळायला घेतला होता.

"तो नको," ती म्हणाली. "टॉवर द्या."

"ताई, पाच मावायची नाहीत त्याच्यात. तुम्हीच म्हणाला होतात."

"तीन मावतील. आलटूनपालटून चालवीन."

सासूबाई दोघांच्या ओठांकडे बघत होत्या. "अगं, पण मला कुठे..."

"आत्ता नाही," ती त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "कान तपासू, कानाचं मशीन लावू. मग ऐकू यायला लागेल. तेव्हा त्या पंख्यांशेजारी झोपणार कशा तुम्ही?"

 सासूबाई कोपऱ्यात गेल्या आणि टॉवरच्या काळ्या पत्र्यावर तळहात टेकवून उभ्या राहिल्या, ताप बघावा तशा.

"याला आवाजच नाही का?" त्यांनी विचारलं.

"आहे थोडा," ती म्हणाली.

टॉवर कोनाड्यात बसला. तीन यंत्रं चालायची. चौथ्याची वेळ आली की आधी एकाला झोपवायचं. अख्खी व्यवस्था एकदम उभी असलेली तिने घरी कधी पाहिली नाही, आणि परीक्षेत पहिल्या खेपेला थोडक्यात राहिली ती नेमकी त्यामुळेच. दुसऱ्या खेपेला पास झाली. का राहिली, हे तिने कुणाला सांगितलं नाही. पण हे सगळं पुढचं.

त्याआधी, टॉवर आणल्याच्या पंधराव्या दिवशी, ती सासूबाईंना घेऊन स्वतःच्याच रुग्णालयात कानाच्या विभागात गेली. तपासनीस बाईंचा आवाज ती नऊ वर्षं ओळखत होती. चेहरा आज पहिल्यांदा पाहिला. सासूबाईंना काचेच्या केबिनमध्ये बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. दाबलं की बाहेर टेबलावर छोटा दिवा लागायचा.

तपासनीस बाई यंत्रावरची चकती फिरवत होत्या. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. उजव्या कानाच्या वेळी दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, मधूनच बराच वेळ लागला नाही. मग डाव्याची पाळी आली. चकती फिरत राहिली. केबिनमध्ये सासूबाई डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या, अवघड हस्ताक्षर लावत असल्यासारख्या. दिवा काळाच होता. तपासनीस बाईंनी कागदावर एक फुली केली, दुसरी केली. मग तिसरी करायला पेन टेकवलं आणि दिवा लागला. एकदाच, क्षणभर.

सासूबाईंनी डोळे उघडले. काचेतून तिच्याकडे बघून त्या काहीतरी म्हणाल्या. तिने हसून मान डोलावली. सासूबाई अजून तिच्याकडेच बघत होत्या, वाट बघत असल्यासारख्या. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि मग उतरलं. ती उठली आणि केबिनचं जड दार ओढून उघडलं.

"काय म्हणालात, आई? मला ऐकू आलं नाही."

सासूबाईंनी डाव्या कानावरचा हेडफोन जरा बाजूला केला.

"तो शेवटचा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "खरंच वाजला होता, की मलाच वाटलं?"

तिने वळून तपासनीस बाईंकडे पाहिलं. त्या कागदाकडे बघत होत्या.

"बसू दे त्यांना," त्या म्हणाल्या. "परत वाजवून बघू."

तिने हेडफोन नीट कानावर बसवला, दार लावून घेतलं आणि काचेशी उभी राहिली. दिव्याकडे तिने पाठ केली होती. ती सासूबाईंच्या बटणावरच्या अंगठ्याकडे बघत होती.