साचाखात्याची बोली

दाराची कडी खुळखुळली आणि दुपारची चिडीचूप खोली जागी झाली. चंपाने मान वळवून पाहिलं. तिचे सासरे, नाना, टोपी चढवून, रिकामा डबा काखेत मारून दाराशी उभे. दुसऱ्या पाळीला निघाले होते. गिरणीच्या साचाखात्यातली, म्हणजे कापडाच्या मागांवरची, नोकरी सुटून त्यांना चार वर्षं झाली होती, पण गेल्या चार महिन्यांत ते हे विसरून गेले होते. त्यांना कोणी पटवायचं? सांगून झालं होतं, ओरडून झालं होतं. ओरडलं की ते बिथरत, हात उगारत, आणि मग परळच्या त्या चाळीतला अख्खा मजला दारात येऊन बघत राही.

मागच्या महिन्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. गिरण्या कडकडीत बंद आणि हे डबा घेऊन नेमके गेटाकडे! नाक्यावरच्या पोरांना काय ठाऊक? ‘फितूर, फितूर’ करत त्यांनी म्हाताऱ्याला घेरलं, सदरा फाडला. चंपाचा नवरा सीताराम स्वतः समितीचा माणूस. लाजेनं नि भीतीनं तो अर्धा झाला. उद्या गोळीबारात सापडले तर? त्यानं गावी थोरल्या भावाला, बुधाजीला, पत्र टाकलं : नानांना घेऊन जा. बुधाजी येत्या रविवारी येणार होता.

चंपाला ते नको होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू नव्हती. स्टोव्ह कसा पेटवायचा, नळावर आपला नंबर कसा सोडायचा नाही, सगळं तिला नानांनीच शिकवलेलं. गावी सगळी माणसं शेतावर गेल्यावर यांच्याजवळ कोण बसणार? पण ‘राहू द्या त्यांना’ म्हणायचं कुठल्या तोंडानं? रोज तर दारात ओढाताण.

आताही ती ओरडलीच असती. पण तान्हा नुकता मांडीवर निजला होता आणि गोधडीचा दोरा तिनं दातांत धरला होता. तिनं नुसता हात उचलला, तळवा दाखवला आणि हळूच खाली आणला.

नाना थांबले. तिच्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन बोटं वर करून मनगट फिरवलं. काहीतरी विचारत होते. चंपाला ओ की ठो कळलं नाही. तिनं आपली मान डोलावली. नाना मुकाट्यानं मागे फिरले, डबा फळीवर ठेवला आणि भिंतीला टेकून बसले.

संध्याकाळी तिनं सीतारामला हातवारे करून दाखवले. तो हसला.

“अगो, ही साच्यावरची खूण. ‘बंद ठेव’ म्हणालीस तू. त्यांनी विचारलं, ‘दोन्ही साचे?’ खात्यात एवढे साचे धडधडतात, तिथं तोंडानं कोण बोलतो?”

“मग आपण चार महिने बोंबलतोय कशाला?”

“घरात ऐकू येतं म्हणून!”

त्या रात्रीपासून सीताराम शिकवू लागला. पाची बोटं तोंडाशी नेली की जेवणाची सुट्टी. चिमटीला चिमटी लावली की धागा तुटला, हात लाव. खांद्यावरून मागे अंगठा, म्हणजे जॉबर, खात्याचा मुकादम, येतोय. या शेवटच्या खुणेनं नाना आंघोळीला असे पटकन उठत की चंपाची थोरली, सहा वर्षांची बकुळा, लोळून हसे. खुणा तिलाच सगळ्यांत आधी पाठ झाल्या. नाना मात्र तिला रोज ‘तू कुणाची गो?’ विचारत.

रविवारी बुधाजी आला. दारातूनच ओरडला, “नाना, चला घराक! बोटीची तिकिटां काढलंय!” नाना दचकून कोपऱ्यात सरकले. बुधाजीनं दंड धरला तसा त्यांनी हात उगारला.

“बघितलंस चंपा? ह्यांका कसा सांभाळतलंस?”

“जरा हात सोडा, भावजी.”

तिनं समोर जाऊन पाची बोटं तोंडाशी नेली. नानांचा उगारलेला हात खाली आला. ते उठले, मोरीत हात धुतले, पाटावर बसले आणि शेवटच्या घासापर्यंत स्वतःच्या हातानं जेवले. बुधाजी दाराशी उभाच.

जेवण झाल्यावर नाना पडायला निघाले. वाटेत चंपासमोर थांबले. छातीवर हात ठेवला, दोन बोटं दाखवली आणि तळहात तिच्याकडे पसरला. ही खूण तिला कुणी शिकवली नव्हती. तिनं सीतारामकडे पाहिलं. तो जवळ आला.

“‘माझे दोन साचे तुझ्या हवाली. मी येतोच,’ म्हणतायत. ही खूण अशी कुणालाही करत नाहीत, चंपा. शेजारच्या साच्यावरचे भिवाकाका होते, त्यांना करायचे. मी त्याच खात्यात नऊ वर्षं काढली, मला एकदासुद्धा केली नाही.”

चंपानं छातीवर हात ठेवून मान डोलावली. नाना निर्धास्त चटईवर कलंडले.

बुधाजीनं खिशातून तिकिटं काढली. “मगे,” तो म्हणाला, “ह्या दुसऱ्या तिकिटाचा काय करू?”

“परत करा, भावजी. आणि आता बसा, तुमचंही पान वाढते.”

ती भात वाढायला वाकली, तोच बकुळानं पदर ओढला. नानांच्या चटईकडे बघत, आवाज अगदी बारीक करून तिनं विचारलं,

“आई, ‘मी तुमची नात’ हे हातानं कसं म्हणायचं गो?”