ओलं पान

स्वयंपाकघरात कॅनचं झाकण खण्णकन पडलं, तशी सगळीच दचकली. सकाळपासून घरात चूलही पेटली नव्हती.

"रिकामाच आहे," कॅन सरळ करत धाकटा दीर वहिनीजवळ पुटपुटला.

तो पाण्याचा कॅन रोज तीच नवऱ्याला भरून द्यायची. तो टेकडीवरच्या राखीव कड्याचा पहारेकरी. कोट्यवधी वर्षांपूर्वीची पानं त्या कड्यात दगड होऊन पडलेली. पण कोरड्या दगडावर डोळे फाडून बघितलं तरी दिसायची नाहीत. बघायला आलेल्यांची तोंडं उतरली की हा कॅनमधलं पाणी ओतायचा, आणि नेच्याचं पान शिरांसकट काळंभोर वर यायचं.

खात्याचे साहेब ओरडायचे, "दगडाला पाणी लावू नकोस, चिरा रुंदावतात!"

"आणि पाऊस पडतो त्याला काय नोटीस पाठवता का साहेब?" हा हसायचा. घरी येऊन सांगायचा, तीही हसायची, आणि दुसऱ्या दिवशी कॅन काठोकाठ भरायची.

पाणी चिरांत मुरत राहिलं. थंडीत गोठून फुगत राहिलं. काल संध्याकाळी कडा सुटला, तेव्हा हा खालीच उभा होता. शिळेबाहेर राहिला तो त्याचा एक हात. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि नकारार्थी मान हलवली.

आता साहेब दारात घुटमळत होते. "वहिनी, सगळ्यात चांगलं पान त्याच शिळेवर आहे. फोडायला वरून परवानगी लागते. क्रेन आली की अलगद उचलू."

"कधी येणार?"

"रस्ता अरुंद आहे... सांगता येत नाही."

"वा! दगड अलगद, आणि माझा भाऊ कसाही?" दीर उसळला.

ती उठली. दारामागचा घण तिनं ओढून घेतला. "साहेब, पाणी मीच भरून देत होते. तेव्हा नाही ऐकलं तुमचं, आज तरी कशाला ऐकू? चला भावजी. ह्यांना घरी आणायचंय."

साहेबांनी अडवायला हात पुढे केला, आणि खाली घेतला.

उंबऱ्यावर लेक आडवी आली. पान चिखलात निजलं, चिखलाचा दगड झाला, पान गेलं पण ठसा राहिला, हे बाबानं तिच्याकडून पाठच करून घेतलं होतं.

"आई," घणाचा दांडा दोन्ही हातांनी धरत तिनं विचारलं, "दगडाच्या खालच्या बाजूला आता बाबाचा ठसा आला असेल ना? मग तो का फोडायचा?"